नवा बॉस कोण? बॉस्टन व्हर्जन

ऑफिस सगळ्यात जिवंत कधी असतं, सांगा बरं. अप्रेझलच्या आठवड्यात? छे. ॲन्युअल डेला? अजिबात नाही. बॉसने पेपर टाकलेत आणि नवा अजून यायचाय, त्या मधल्या तीन-चार आठवड्यांत! कॅन्टीनच्या पांचट चहाला अचानक चव येते. वर्षभर हेडफोन लावून बसणारा शेजारी खुर्ची सरकवत येतो आणि हळूच विचारतो, "काय, कळलं का काही?" प्रत्येकाकडे एक नाव असतं. प्रत्येकाचा एचआरमध्ये एक 'सोर्स' असतो. आणि ज्यांच्या सुट्ट्या, शिफ्ट आणि इन्क्रिमेंट या एका निर्णयावर टांगलेली, त्यांना मत? शून्य.

आता हाच सीन एका अख्ख्या शहराच्या पातळीवर इमॅजिन करा. रेडिओवर, पेपरात, ट्रेनमध्ये, बारमध्ये, चोवीस तास. शहर बॉस्टन, आणि खुर्ची रेड सॉक्स या बेसबॉल टीमच्या मॅनेजरची.

थांबा, बेसबॉल म्हटल्यावर पान उलटू नका. दोनच गोष्टी कळल्या तरी पुरे. पहिली, मॅनेजर म्हणजे काय. खेळाडू विकत घेणं, करार करणं हे सूट घातलेल्या 'जनरल मॅनेजर'चं काम. नुसता 'मॅनेजर' असतो तो मैदानातला. पोट सुटलेलं असलं तरी खेळाडूंचाच युनिफॉर्म चढवून तो डगआउटमध्ये बसतो. वर्षाला १६२ मॅचेस, साधारण सहा महिन्यांत. (हो, १६२. आयपीएल लांबली म्हणून कुरकुरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) आज कोण खेळणार, कुठल्या नंबरवर, आणि मुख्य म्हणजे पिचर, म्हणजे आपल्या भाषेत बोलर, कधी बदलायचा, हे तो ठरवतो. दुसरी गोष्ट यातूनच येते. एकदा पिचर बाहेर काढला की त्या मॅचमध्ये तो परत येऊ शकत नाही. दोन ओव्हर फाइन लेगला उभं करून पुन्हा बॉल हातात दिला, असं इथे सहसा होत नाही. काढला म्हणजे काढला. त्यामुळे अख्ख्या शहराचा जीव त्या एका निर्णयात अडकतो.

आता १६ ऑक्टोबर २००३ची रात्र. न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम, लीगच्या फायनलची सातवी मॅच. जिंकणारा वर्ल्ड सिरीजला जाणार. रेड सॉक्स शेवटचे चॅम्पियन झाले होते १९१८ साली. त्यानंतर त्यांनी बेब रूथ नावाचा हिरा याच यँकीजना विकला आणि तेव्हापासून शाप लागलाय, असं आजोबा नातवाला सांगत आलेले. त्या रात्री मात्र सातव्या इनिंगनंतर स्कोअर ४-२, आठवीत ५-२. पेद्रो मार्टिनेझ, त्या काळातला बहुधा सगळ्यात भारी पिचर, सातवी संपवून परतला तेव्हा त्याचं काम झालं असंच बहुतेकांना वाटलं. ताजे रिलिव्हर तयार होते. पण मॅनेजर ग्रेडी लिटलने पेद्रोलाच आठवीत पाठवलं.

यँकीजनी एक रन काढला. लिटल चालत मैदानात गेला. टीव्हीपुढच्या लाखो लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, चला, बदलतोय एकदाचा! पेद्रोचे तोवर ११५ बॉल टाकून झाले होते. लिटलने विचारलं, पेद्रो म्हणाला जमेल. आणि लिटल एकटाच परत आला.

पुढच्या काही मिनिटांत स्कोअर ५-५. मध्यरात्र उलटल्यावर, अकराव्या इनिंगमध्ये यँकीजच्या ॲरन बूनने होमरन मारला आणि खेळ खल्लास.

माझा आत्तेभाऊ, म्हणजे आमचा दादा, तेव्हा नुकताच बॉस्टनला एमएस करायला गेला होता. त्याला बेसबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. तो सांगतो, दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कोणी कोणाशी बोलेना. त्याला वाटलं, प्रोफेसरांच्या घरी कोणी गेलं की काय.

अकरा दिवसांनी लिटलची खुर्ची गेली. करार वाढवला नाही. दोन सीझनमध्ये त्याने टीमला १८८ मॅचेस जिंकून दिल्या होत्या, ९३ आणि ९५. आपल्या भाषेत, दोन्ही वर्षं टार्गेट पूर्ण. पण आठवण राहिली ती त्या चालत जाऊन एकट्याने परत येण्याची.

आणि मग सुरू झाला तो खेळ, जो मला स्वतःला बेसबॉलपेक्षाही इंटरेस्टिंग वाटतो. नवा कोण? स्पोर्ट्स रेडिओवर फोन लागायला लागले. 'पहिल्यांदाच फोन करतोय, ऐकतोय मात्र कित्येक वर्षं', असं म्हणून सुरुवात करायची तिथली पद्धतच आहे. गंमत बघा. असा शोध सुरू झाला की पुढच्या वर्षी टीमला काय लागेल, यावर बोलणारे थोडे. बाकीच्यांची इच्छा एकच. जो गेला, त्याच्यासारखा नको. लिटल आकड्यांकडे बघत नाही, पोटातल्या फीलिंगवर चालतो? मग आकडेवाला आणा. लिटल स्टारचं ऐकतो? मग स्टारला 'नाही' म्हणणारा आणा. म्हणजे जाहिरात नव्या मॅनेजरची, पण त्यातलं वर्णन जुन्याचं, फक्त उलटं केलेलं. आपण तरी वेगळं काय करतो? आधीचा बॉस मायक्रोमॅनेज करायचा, म्हणून नवा 'कूल' हवा. कूल मिळाला की वर्षभरात तक्रार, की हा कुठे लक्षच देत नाही.

निवड करणारा माणूस कोण होता, हेही बघण्यासारखं आहे. थिओ एप्स्टाइन, जनरल मॅनेजर. २८व्या वर्षी त्याला ही पोस्ट मिळाली, तेव्हा बेसबॉलच्या इतिहासातला तो सगळ्यात तरुण जीएम होता. मॅनेजर शोधायच्या वेळी वय २९. आपल्याकडे या वयात माणूस फार तर टीम लीड होतो आणि होम लोनचे रेट बघत बसतो. हा पोरगा फेनवे पार्कपासून जवळच वाढलेला, म्हणजे शापाच्या गोष्टी त्यानेही लहानपणीच ऐकलेल्या. आता स्वतःपेक्षा वयाने कितीतरी मोठ्या माणसांचे इंटरव्ह्यू तो घेत होता.

चर्चेतल्या नावांपैकी दोन लक्षात ठेवा. एक जो मॅडन. एंजल्स टीमचा बेंच कोच, म्हणजे मॅनेजरचा उजवा हात. जाड काळा चष्मा, वाचणारा, अतरंगी कल्पनांचा माणूस. मेजर लीगमध्ये पूर्ण वेळ मॅनेजर म्हणून कधीच नेमला न गेलेला. दुसरा टेरी फ्रँकोना. याच्याकडे अनुभव होता, पण कसला? फिलाडेल्फियात १९९७ ते २००० अशी चार वर्षं मॅनेजर, आणि चारही वर्षं जिंकण्यापेक्षा हरणं जास्त. तिथे आपल्या गाडीचे टायर चाहत्यांनी फाडल्याचा किस्सा तो स्वतःच सांगायचा. सीव्हीवर आणखी एक भन्नाट ओळ. १९९४मध्ये मायकल जॉर्डन बास्केटबॉल सोडून बेसबॉल खेळायला आला, तेव्हा मायनर लीगमध्ये त्याचा मॅनेजर फ्रँकोना होता.

सीव्ही एचआरच्या नजरेने बघितला तर फ्रँकोना पहिल्याच चाळणीत बाहेर. चार वर्षं अंडरपरफॉर्मन्स! पण थिओच्या टीमने सीव्हीऐवजी प्रसंग पुढे ठेवले. मॅचची अमुक स्थिती आहे, आता तू काय करशील? का? आणि उद्या पेपरवाल्यांना ते कसं सांगशील? त्यात कर्ट शिलिंग नावाचा मोठा पिचर त्याच नोव्हेंबरमध्ये बॉस्टनला आला. तो फिलाडेल्फियात फ्रँकोनाच्या हाताखाली खेळलेला होता आणि तो त्याला मानायचा. ४ डिसेंबर २००३ला फ्रँकोनाचं नाव जाहीर झालं. फिलाडेल्फियाने हाकललेला माणूस आपल्या गळ्यात का, हा प्रश्न कितीतरी चाहत्यांच्या तोंडी होता.

पुढची स्टोरी बहुतेक माहीत असेल. २००४मध्ये पुन्हा यँकीज, पुन्हा लीगची फायनल. बॉस्टन ०-३ मागे, त्यातली तिसरी मॅच तर १९-८ अशी वाजवलेली. तिथून सलग चार मॅचेस जिंकल्या. बेसबॉलच्या प्लेऑफमध्ये असं आधी कोणीच केलं नव्हतं. मग वर्ल्ड सिरीज ४-० आणि ८६ वर्षांचा शाप फुस्स. पण त्या सातव्या मॅचमध्ये फ्रँकोनाने काय केलं माहितीये? ८-१ अशी लीड असताना, त्याच यँकी स्टेडियमवर, सातव्या इनिंगला त्याने बॉल दिला पेद्रो मार्टिनेझच्या हातात. दोन रन गेले. दादा म्हणतो, त्या काही मिनिटांत त्याच्या रूममेटने टीव्हीकडे चक्क पाठ फिरवली होती. मॅच १०-३ने जिंकली म्हणून तो निर्णय आज गमतीत सांगतात. हरले असते तर फ्रँकोनालाही लिटलच्या शेजारी बसवलं असतं.

२००७ला फ्रँकोनाने पुन्हा कप आणला. मग आला २०११. सप्टेंबरच्या सुरुवातीला टीम प्लेऑफच्या जागेसाठी ९ मॅचेसनी पुढे. तिथून महिनाभरात ७ जिंकल्या, २० हरल्या, आणि सीझनच्या अगदी शेवटच्या दिवशी बाहेर. दोन दिवसांत फ्रँकोना गेला. त्यानंतर 'बॉस्टन ग्लोब'मध्ये छापून आलं की काही पिचर मॅच चालू असताना आतल्या खोलीत बसून फ्राइड चिकन खात होते, बिअर पीत होते. आणि निनावी सूत्रांचा हवाला देत गेलेल्या मॅनेजरच्या तब्येतीवर, संसारावरही लिहिलं गेलं. आठ वर्षांत दोन कप देणाऱ्या माणसाचा हा सेंड-ऑफ! ऑफिसमध्येही हेच बघितलंय ना आपण? माणूस असेपर्यंत 'सर, सर'. नोटीस पिरियड संपायच्या आत त्याची सगळी कुंडली पॅन्ट्रीत मांडलेली.

पुन्हा तेच चक्र. पण या वेळी उलट्या दिशेने! जुना खेळाडूंशी फार गोड वागायचा ना? मग आता छडीवाला मास्तर हवा. थिओ तोवर शिकागो कब्जमध्ये गेला होता, नवा जीएम होता बेन चेरिंग्टन. त्याची पसंती डेल स्वेम या कोचला होती आणि वरच्या साहेबांना मोठं नाव हवं होतं, असं तेव्हापासून सगळीकडे लिहिलं गेलंय. आलं मोठं नाव. बॉबी व्हॅलेंटाइन.

सीव्ही बघाल तर एकदम सॉलिड. न्यूयॉर्क मेट्सला वर्ल्ड सिरीजपर्यंत नेलेलं, जपानमध्ये जाऊन तिथल्या टीमला चॅम्पियन केलेलं, टीव्हीवरचा एक्स्पर्ट. शिवाय कॅरेक्टर असं, की १९९९मध्ये अंपायरने मॅचमधून हाकलल्यावर हा गॉगल आणि खोटी मिशी लावून पुन्हा डगआउटमध्ये येऊन उभा राहिला. (मिशी कसली, तर खेळाडू डोळ्यांखाली लावतात त्या काळ्या पट्ट्यांची.) किस्सा म्हणून धमाल आहे. पण या माणसाच्या हाताखाली रोज काम करायचंय, असं म्हटल्यावर जरा विचार करावा लागेल.

२०१२च्या एप्रिलमध्येच त्याने टीव्हीवर आपल्याच एका सीनियर खेळाडूच्या कमिटमेंटबद्दल शंका काढली. दुसऱ्या सीनियरने लगेच सांगून टाकलं की आमच्याकडे असं चालत नाही. जूनमध्ये त्या पहिल्या खेळाडूला दुसऱ्या टीमकडे पाठवलं. सीझन संपला तेव्हा ६९ विजय, ९३ पराभव. बॉस्टनसाठी १९६५नंतरचं सगळ्यात वाईट वर्ष. दुसऱ्याच दिवशी मास्तर घरी.

मग काय? मग 'आपल्या घरातला' माणूस. जॉन फॅरेल, जो फ्रँकोनाच्या हाताखाली पिचिंग कोच होता आणि तेव्हा टोरंटोचा मॅनेजर होता. त्याला आणण्यासाठी बॉस्टनने चक्क एक खेळाडू टोरंटोला दिला. टोरंटोत त्याचे दोन्ही सीझन काही चमकदार नव्हते. २०१३मध्ये त्याने बॉस्टनला कप जिंकून दिला.

म्हणजे हिशेब बघा. वाईट सीव्हीवाला, दोन कप. जबरदस्त सीव्हीवाला, एका वर्षात गच्छंती. मधल्या सीव्हीवाला, पहिल्याच वर्षी कप. आपल्याकडेही २००७ साली गॅरी कर्स्टनचं नाव आलं तेव्हा कुठल्याही देशाच्या टीमचा तो कधी कोच नव्हता. त्याच्याआधीचा ग्रेग चॅपेल मात्र नावाने केवढा! कोण कसा निघाला ते सांगायला नको.

पण यावरून 'सीव्ही बघूच नका' असा फंडा काढायला मी तयार नाही. कारण चांगल्या सीव्हीचे चांगले निघालेलेही ढीगभर आहेत. मला खटकतं ते वेगळंच. या सगळ्या शोधात एक माणूस कायम विसरला जातो, तो म्हणजे खुर्चीवर आधीपासून बसलेला.

२०१४चं शिकागो घ्या. थिओच्या कब्जचा मॅनेजर होता रिक रेंटेरिया. पहिलंच वर्ष, टीम पोराटोरांची, तरी ७३ मॅचेस जिंकल्या. त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. करार शिल्लक होता. आणि अचानक बाजारात जो मॅडन मोकळा झाला. हो, तोच चष्मेवाला, ज्याला २००३मध्ये बॉस्टनने नाही म्हटलं होतं. मधल्या काळात त्याने टॅम्पा बेसारखी कमी पैशांची टीम वर्ल्ड सिरीजपर्यंत नेली होती. कब्जने रेंटेरियाला काढलं, मॅडनला घेतलं. थिओने जाहीरपणे मान्यही केलं की रिकच्या वाट्याला हे यायला नको होतं. पण काढायचं ते काढलंच. शिकागोचे चाहते खूश. टीमच्या भल्याचंच होतं हे, नाही का? मॅडन चांगलाच होता, पुढे सिद्धही झालं. मलाही तो आवडतो. तरी रेंटेरियाचा विचार मनात येतो. परफॉर्मन्स ठीक, वागणूक उत्तम, आणि एके दिवशी कळतं की आपली पोस्ट रिकामी नसतानाच भरली गेली.

आता क्लायमॅक्स. २ नोव्हेंबर २०१६, वर्ल्ड सिरीज, सातवी मॅच. एका डगआउटमध्ये क्लीव्हलँडचा मॅनेजर टेरी फ्रँकोना. दुसऱ्यात शिकागोचा जो मॅडन. आणि शिकागोची टीम उभी करणारा थिओ एप्स्टाइन. २००३च्या त्या इंटरव्ह्यूंमधला निवडलेला, नाकारलेला आणि निवडणारा, तिघेही एकाच मैदानावर! सिनेमात दाखवलं असतं तर आपण 'काहीही हं' म्हटलं असतं.

आणि त्या रात्री मॅडनने पिचर बदलला लवकर. काइल हेंड्रिक्स मस्त टाकत होता, ६३च बॉल झालेले, तरी पाचव्या इनिंगमध्ये त्याला काढला. लिटलने उशीर केला म्हणून शिव्या, मॅडनने घाई केली म्हणून शिव्या! आठवीत क्लीव्हलँडने होमरन मारून ६-६ केलं, पाऊस आला, १७ मिनिटं खेळ थांबला. दहाव्या इनिंगमध्ये शिकागो ८-७ने जिंकलं, १०८ वर्षांनी. पण जिंकल्यावरही पिचर का काढला, यावर महिनोन् महिने वाद चालू होते. कप हातात असताना!

बरं, तो ॲरन बून आठवतोय? २००३मध्ये ज्याच्या होमरनने लिटलची नोकरी गेली? डिसेंबर २०१७मध्ये यँकीजनी त्यालाच मॅनेजर केलं. आधीचा अनुभव मॅनेजर म्हणून शून्य, कोच म्हणूनही शून्य. थेट टीव्हीच्या कॉमेंट्रीतून खुर्चीत. ज्या जो जिरार्डीला काढून त्याला आणलं, तो आदल्याच सीझनमध्ये वर्ल्ड सिरीजपासून एक मॅच दूर राहिला होता. आताशा मॅनेजर म्हणजे बऱ्याच अंशी मिडल मॅनेजमेंट झालंय. वरून आकडेवाल्यांचा प्लॅन येतो, खाली करोडपती खेळाडूंना तो पटवायचा, आणि हरल्यावर कॅमेऱ्यासमोर एकट्याने बसायचं. हे वर्णन ओळखीचं वाटलं तर दोष माझा नाही.

२०२५च्या सीझननंतर तर खुर्च्यांची रांगच लागली. सॅन फ्रान्सिस्कोने थेट कॉलेजच्या टीमचा कोच उचलला, टोनी व्हिटेलो. प्रोफेशनल बेसबॉलमध्ये एक दिवसही कोचिंग न केलेला. आणि वॉशिंग्टनने मॅनेजर म्हणून घेतला ब्लेक ब्युटेरा. १९७२नंतरचा सगळ्यात तरुण. वय वर्षं ३३. दादाला फोन करून विचारलं, हा कसा निघेल रे? तो बॉस्टनवाला, त्याचा वॉशिंग्टनशी काही संबंध नाही. तरी पाऊण तास बोलत होता.